बारा महिने जाता येईल असा डॉक्टर : मराठवाड्यात मानसोपचार सुरू करताना

"इथं कुणी चांगला आहे का, का सरळ पुण्यालाच नेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी विचारला जातो. विचारणारा आवाज बारीक करतो, आणि बहुतेक वेळा "शेजाऱ्यांच्या पोराचं आहे" म्हणून सुरुवात होते. माझ्या मोठ्या भावाचे उपचार परभणीत राहून चालू आहेत आणि त्याची फाईल माझ्याकडे असते, एवढीच माझी पात्रता. मी डॉक्टर नाही. पण दवाखान्याच्या बाकड्यावर बसून जे कळतं ते मला पुष्कळ कळलंय.

पुण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर उलट्या प्रश्नाने सुरू होतं : वर्षातून किती वेळा जाल? मनाच्या आजारात डॉक्टरने एकदा बघून भागत नाही. सुरुवातीला पंधरा दिवसांनी, मग महिन्याला, मग जमलं तर दोन महिन्यांनी. पहिल्या वर्षात दहा-बारा चकरा सहज होतात, आणि पेशंटबरोबर एक माणूस लागतो. म्हणजे दोघांचं भाडं आणि दोघांची रोजी. पुण्याचा नामांकित डॉक्टर एकदा दाखवून सोडलेले आणि दोन महिन्यांत गोळ्या बंद केलेले पेशंट मी इतके पाहिलेत की आता माझा सल्ला ठरून गेलाय. ज्याच्याकडे बारा महिने जाता येईल तो डॉक्टर आधी शोधा. दुसरं मत घ्यायला पुणे-हैदराबाद कधीही आहेच.

त्याआधी : वेळ आहे का?

माणूस मरणाच्या गोष्टी बोलत असेल, निरवानिरव करत असेल, दोन-तीन रात्री अजिबात न झोपता भलतंच बोलत असेल किंवा अन्नपाणी सोडलं असेल, तर डॉक्टर शोधत बसू नका. जवळच्या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात न्या. १०८ ला फोन केला तर गाडी येते. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आणि घरात फवारणीचं औषध, तणनाशक, उंदराचं औषध असेल तर ते आजच घराबाहेर काढा. कुलपात ठेवून भागत नाही, किल्ली घरातच असते. भावकीत किंवा दुसऱ्या कुणाच्या शेतातल्या आखाड्यावर नेऊन ठेवा. ती वेळ बऱ्याचदा थोडी असते, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. कुणी असं काही करून बसलं असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना लांबवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नसते.

पाटी नीट वाचा

आपल्याकडे पाट्यांचा गोंधळ फार. "मेंदू व मनोविकार", "मेंदू व मणका", "समुपदेशन केंद्र", "व्यसनमुक्ती" या सगळ्या एकाच रस्त्यावर. तुम्हाला हवा असतो मानसोपचार तज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. नावापुढे आधी एमबीबीएस आणि मग एमडी सायकियाट्री, डीएनबी सायकियाट्री किंवा डीपीएम यापैकी काहीतरी असतं. डीपीएम हा डिप्लोमा आहे आणि बऱ्याच जुन्या-जाणत्या डॉक्टरांकडे तोच असतो, त्यावरून नाक मुरडू नका.

न्यूरोवाला वेगळा. तो फिट, अर्धांगवायू, मेंदूच्या गाठी बघतो. आम्ही पहिल्यांदा दादाला अशाच एका ठिकाणी नेलं होतं. कारण काय, तर तो म्हणायचा "डोक्यात आवाज येऊ लालेत", आणि डोक्याचा डॉक्टर म्हणजे तोच असणार. एमआरआय झाला, ताकदीच्या गोळ्या झाल्या, सोयाबीनचे आलेले पैसे गेले, चार महिने गेले. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरात पेढे वाटले. आवाज तसेच.

सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशक बोलून उपचार करतात, त्याचाही मोठा उपयोग होतो, पण ते गोळ्या लिहून देऊ शकत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारायला लाजू नका. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येते. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. साधी उदासी, घाबरं होणं, झोप न लागणं यावरची नेहमीची औषधं तुमचा एमबीबीएस किंवा एमडी मेडिसिन असलेला ओळखीचा डॉक्टरही सुरू करू शकतो. मानसोपचार तज्ज्ञाचा नंबर महिन्याभराने लागणार असेल तर तोवर त्याला दाखवा. पण आवाज येणं, संशय, अंगात अचानक आलेला भलता जोर आणि उधळपट्टी, बाळंतिणीचं वागणं बदलणं, यात मात्र तज्ज्ञच हवा.

कुठे बघायचं

प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो तिथे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. चौकशी खिडकीवर "मानसिकचं कुठंय" एवढं विचारलं तरी दाखवतात. याच कार्यक्रमातले डॉक्टर ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येतात. ते दिवस आशाताईला विचारा, तिला माहीत नसलं तर ती विचारून सांगते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, तिथे थोडेफार लागतात. गेल्या काही वर्षांत परभणी, धाराशिव, हिंगोली, जालना इथेही मेडिकल कॉलेजं झाली आहेत, तेव्हा खिशात सुटे पैसे असू द्या.

मेडिकल कॉलेजांची मोठी जुनी ठिकाणं चार : संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ कॉलेज, नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण कॉलेज आणि लातूरचं विलासराव देशमुख संस्थेचं रुग्णालय. पेशंटला दाखल करायची वेळ आली, किंवा निदानच कळेना, तर इथे जावं. गर्दी असते. सकाळी नऊच्या आत केसपेपरच्या रांगेत उभं राहिलात तर दुपारच्या गाडीने परत येता. इथे शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात, दर वेळी नवा चेहरा आणि पहिल्यापासून कहाणी. वैतागू नका, पण त्यासाठीच फाईल आपल्याकडे पाहिजे. त्याच टेबलांवर मला सगळ्यात जास्त वेळ देणारी डॉक्टर भेटली, तीन वर्षं झाली असतील, पोरगी माझ्या भाचीच्या वयाची होती.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं लोकांच्या डोक्यात पक्की बसलेली आहेत. "येरवड्याला टाकतील" ही धमकी अजून घराघरात चालते. ओपीडीत दाखवायला आलेल्या माणसाला सहसा कुणी तिकडे पाठवत नाही.

खासगी डॉक्टर जिल्ह्याच्या गावी असतातच. शिवाय संभाजीनगर, लातूर, नांदेडचे डॉक्टर महिन्यातल्या ठरलेल्या वारी तालुक्याला येऊन कुणाच्या तरी दवाखान्यात बसतात. मेडिकलच्या काउंटरवर त्याचं पत्रक चिकटवलेलं असतं. अशा डॉक्टरला एकच प्रश्न आधी विचारून ठेवा : बाकीच्या दिवसांत काही झालं तर आम्ही कुणाला फोन करायचा? उत्तरात नाव आणि नंबर मिळाला तर चांगलं. "काही होत नाही हो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

ओळखीचं कुणी भेटेल म्हणून परभणीचे लोक नांदेडला जातात आणि नांदेडचे लातूरला. मी याला हसत नाही, आम्हीही सहा महिने तेच केलं. मग एक दिवस नांदेडच्याच बाकड्यावर गल्लीतले गुरुजी भेटले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि त्यानंतर दोघंही परभणीत दाखवू लागलो.

नंबर लावताना

फोन कंपाउंडर उचलेल. त्याला विचारा : नंबर फोनवर लागतो का सकाळी येऊन? फी किती, आणि पुन्हा दाखवायला यायचं तर किती दिवसांत कमी लागते? डॉक्टर औषधं लिहून देतात का दवाखान्यातूनच देतात? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्याचं कारण पुढे येईल.

पेशंट यायलाच तयार नसेल तर "तुला वेड लागलंय म्हणून नेतोय" असं बोलू नका, आणि "लग्नाला जायचंय" असं फसवूनही नेऊ नका. फसवलेला माणूस पुढच्या वेळी घराबाहेर पडत नाही. त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतो ते धरा. झोप नाही ना, मग झोपेसाठी दाखवू. दादा आवाजांबद्दल कधीच कबूल झाला नाही, पण झोपेसाठी स्वतः चप्पल घालून निघाला. तरी तयार नसेल तर पहिल्यांदा घरच्या माणसाने एकट्याने जाऊन डॉक्टरला सगळं सांगावं. पुढे काय करायचं ते सांगतात.

देवऋषीकडे नेऊन झालं असेल, दर्ग्यावर सात गुरुवार झाले असतील, तर तेही डॉक्टरला सांगा. ते ऐकून कुणी ओरडत नाही, रोज ऐकतात. आईचा धागा दादाच्या मनगटावर अजून आहे. डॉक्टरांनी तो कधी काढायला सांगितला नाही. गोळी चुकली का एवढंच विचारतात.

एक पानाचा कागद

आत गेल्यावर दहा मिनिटं मिळतात. त्यातली पाच मिनिटं "तसा स्वभावानं लई चांगला आहे हो" यात जातात. म्हणून घरूनच एक पान लिहून न्या. आमचं पहिलं पान अजून फाईलमध्ये आहे :

"वय ३४. दिवाळीपासून झोप तीन तास. रात्री एकला उठून अंगणात फिरतो, कुणाशीतरी बोलतो. दुकानावर जाणं बंद, दीड महिना. जेवण एक वेळ. शेजारी विष घालतील म्हणतो. हात उगारला नाही. तंबाखू रोज, दारू नाही. चुलत आजीला असंच होतं, विहीर. बीपी-शुगर नाही. आधीच्या गोळ्या : माहीत नाही."

एवढंच. तारखा, झोप, जेवण, काम, नशा, घराण्यात कुणाला होतं का, चालू औषधं. आयुर्वेदिक चूर्ण, वजनाची पावडर, थायरॉईडची गोळी, सगळं त्यात आलं. नशेचं खरं लिहा. बायकांच्या बाबतीत पाळी, गरोदरपण, अंगावर पाजतेय का, आणि लग्न ठरतंय का हेही लिहा. व्हॅल्प्रोएटसारख्या काही औषधांनी गर्भाला इजा होऊ शकते, तेव्हा हे डॉक्टरला आधीच माहीत पाहिजे.

पेशंटला डॉक्टरशी एकट्याने बोलायचा हक्क आहे. सून आत आणि सासू शेजारच्या खुर्चीत असेल तर त्या तपासणीतून काही निघत नाही. "मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय" एवढं म्हणायचं. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक केलेलं आहे.

पुड्या घेऊ नका

आमच्या दुसऱ्या डॉक्टरकडे औषध दवाखान्यातूनच मिळायचं, कागदाच्या पुडीत. वर पेनाने लिहिलेलं : "पांढरी सकाळी, गुलाबी अर्धी रात्री." नाव नाही, पॉवर नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी दादाची मान एका बाजूला वळून तशीच राहिली, जीभ जड झाली, डोळे वर. डॉक्टरांचा फोन बंद, ते बाहेरगावी लग्नाला. आम्ही रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "कोणती गोळी चालू आहे?" आणि मी त्याच्यासमोर गुलाबी गोळीचा अर्धा तुकडा धरला. त्याने तो तुकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. काही औषधांनी असं होतं हे त्याला माहीत होतं, इंजेक्शन दिलं, तासाभरात मान सरळ झाली. पण औषधाचं नाव कळायला पुढे पाच दिवस गेले.

तेव्हा औषधाचं नाव, तेही घटकाचं, वाचता येईल अशा अक्षरात लिहून घ्या. ब्रँड तालुक्याला मिळत नाही, घटकाचं नाव असलं की मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीची देऊ शकतो, जनऔषधी केंद्रातही विचारता येतं. नावामागची एसआर, सीआर, ईआर अशी अक्षरंही तशीच जुळली पाहिजेत. ती हळूहळू विरघळणारी गोळी असते. साधी आणि ती एक नाही, आणि ती डॉक्टरला न विचारता मोडून द्यायची नाही. मेडिकलवाला गोळ्यांचा पत्ता कापून देतो तेव्हा नाव आणि तारीख असलेली बाजू मागून घ्या. चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये असू द्या.

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम अशा झोपेच्या गोळ्या एच-१ या यादीत येतात. मेडिकलवाल्याला वहीत पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. त्याने चिठ्ठी मागितली की लोक भांडतात. खरं तर न मागता देणाऱ्याची काळजी करा, कारण या गोळ्यांची सवय लागते.

उठण्याआधी डॉक्टरला विचारायचं : ही गोळी कशासाठी? किती दिवसांनी फरक पडेल? काय झालं तर लगेच फोन करू? रक्त कधी तपासायचं? एखादी वेळ चुकली तर काय करायचं? निदान काय ते कागदावर लिहायलाही सांगा.

पहिला महिना

इथेच बहुतेक लोक गळतात. उदासीच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. मळमळ, झापड, तोंड कोरडं. घरचे म्हणतात, "गोळ्यांनीच जास्त झालंय, बंद कर." सहन होत नसेल तर फोन करून डोस बदलून घ्या, पण आपल्या मनाने एकदम बंद करू नका. आणि बरं वाटलं म्हणूनही नाही. आम्ही हे दोन्ही प्रकार करून पाहिलेत. दुसऱ्या वेळेला दादा हिंगोलीच्या स्टँडवर सापडला.

लिथियम (मनाच्या टोकाच्या चढ-उतारांवरची गोळी) चालू असलेल्यांसाठी आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. पारा ४२-४३ ला गेला, माणूस रानात घाम गाळतोय, पाणी कमी, की रक्तातलं लिथियम वाढतं. जुलाब-उलट्यांनी वाढतं. आणि अंगदुखीची म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली तर तेही वाढवतात. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी "लिथियम चालू आहे" हे सांगायचं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरला फोन करा, आणि फोन लागला नाही तर दवाखाना गाठा. मीठ एकदम तोडू नका. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करतात, त्यामुळे सकाळची गोळी रक्त देऊन मगच.

बीडकडची मंडळी दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात आणि चार-पाच महिने परत येत नाहीत. उपचार तुटायची ही ठरलेली वेळ. टोळी निघायच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरला भेटून सांगा : अमुक कारखान्यावर जाणार, अमक्या महिन्यात येणार. जास्त दिवसांची चिठ्ठी, तब्येतीचा थोडक्यात सारांश आणि त्या भागातल्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरला दाखवायला चार ओळी लिहून घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कोल्हापूर-सांगलीकडेही आहे. गोळ्या कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, ठेवायच्या तर पत्र्याच्या पेटीत, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा. मुकादमाला सगळं सांगायची गरज नाही, "शुगरची गोळी" म्हटलं तरी चालतं. पण टोळीतल्या एका माणसाला तरी खरं माहीत असावं.

फोनवरचा डॉक्टर

२५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची नियमावली काढली, तेव्हापासून व्हिडिओवर तपासून चिठ्ठी देणं नियमात बसतं. चालू औषधाचा आढावा घ्यायला हे उत्तम आहे. गावात रेंज असलेली जागा आधी बघून ठेवा, आमच्याकडे ती पाण्याच्या टाकीखाली आहे. सवय लागणारी काही औषधं फोनवरून लिहायला बंधनं आहेत, तेव्हा डॉक्टर नाही म्हणाला तर तो अडवून बघत नसतो. पहिली भेट जमली तर समोरासमोरच करा.

डॉक्टर बदलायचा कधी

तीन भेटींनंतरही निदान सांगत नाही, प्रत्येक वेळी गोळ्या वाढतात आणि कमी एकही होत नाही, पेशंटकडे न बघता घरच्यांशीच बोलतो, किंवा पेशंटला रागावतो : यातलं काही असेल तर बदला. निव्वळ दोन आठवड्यांत गुण आला नाही म्हणून बदलू नका. जाताना कागद मागून घ्या. आपल्या उपचारांच्या नोंदी बघण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्याने पेशंटला दिलाय. न भांडता, "बाहेरगावी राहायला चाललोय" म्हणून मागितल्या तर लवकर मिळतात, हा माझा अनुभव.

आजार जुना असेल तर सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो का तेही विचारा. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, आणि चाळीस टक्के किंवा वर भरले तर सवलती मिळतात. बाईमाणूस पेशंट असेल किंवा सोबत जात असेल तर एसटीला तिचं अर्धंच तिकीट लागतं. वर्षाच्या बारा चकरांत तेवढंही मोजावं लागतं.

दादाची फाईल साडीच्या दुकानाच्या पिशवीत असते. कपाटात नाही, दाराच्या खुंटीला, छत्रीशेजारी. पुढची तारीख मंगळवारची आहे, त्याने स्वतःच कॅलेंडरवर गोल केलाय.